बाबा नदीपलीकडे गेले तेव्हा

सासरे आमच्याकडे राहायला येऊन तीन महिने झाले होते, आणि एवढ्या दिवसांत ते एकदाही पाठ टेकून खुर्चीत बसलेले मला दिसले नव्हते. बसायचे ते कडेला, उठायच्या बेतात. राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरातलं आमचं सरकारी क्वार्टर काही मोठं नाही. हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात, तिथून परत हॉलमध्ये अशा त्यांच्या फेऱ्या दिवसभर चालायच्या. दाराची बेल वाजली की आमच्यापैकी कुणी उठायच्या आत ते दारात. बहुतेक वेळा कुरिअरवाला असायचा. त्याच्याशीही ते दोन वाक्यं बोलून घ्यायचे.

सासूबाई गेल्यानंतर ते वर्ध्याला एकटेच राहत होते. तिथं बाथरूममध्ये पाय घसरला, मनगट मोडलं आणि माझी बायको दुसऱ्या दिवशीची गाडी पकडून गेली. आठ दिवसांनी परतली ती त्यांना घेऊनच. सोबत एक सूटकेस आणि पुस्तकांची एक पिशवी. "अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एकट्यानं राहायचं असतं का?" एवढंच ती म्हणाली होती. ते वाद घालत बसले नाहीत. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस, पण मुलीपुढे गप्प.

अनूपशहरला जायचं त्यांच्याच बोलण्यातून निघालं. एकदा जेवताना म्हणाले, "पानिपतच्या आधी पावसाळ्यात अब्दालीचा तळ अनूपशहरला होता. इथून जवळच असेल ना ते?" माझी अकरावीतली मुलगी म्हणाली, "आजोबा, तळ म्हणजे तलाव ना?" ते हसले नाहीत. हातातला घास तसाच धरून तिला छावणी म्हणजे काय, घोड्यांना चारा कुठून येई, नदीकाठ का लागे, सगळं सांगत बसले. बायकोनं लगेच फोनवर नकाशा काढला. बुलंदशहर जिल्हा, गंगेकाठ, गाडीनं साडेतीन तास. "आपण सगळेच जाऊ," ती म्हणाली. "एक रात्र राहू. निवांत."

पण संसदेचं अधिवेशन सुरू झालं आणि मंत्रालयातल्या तिच्या विभागात कुणालाच सुट्टी मिळेना. मुलीची परीक्षा. उरलो आम्ही दोघं. सतरा वर्षांत मी आणि माझे सासरे असे दोघंच कुठं गेलो नव्हतो. आमच्यात भांडण कधीच नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. ते मला 'जावईबापू' म्हणायचे, मी त्यांना 'बाबा' म्हणायचो, आणि मधलं सगळं बायको सांभाळायची.

शनिवारी सकाळी निघालो. गाझियाबाद सुटेपर्यंत मी फोनवरच होतो. माझ्या कंपनीची एक निविदा सोमवारी जायची होती आणि फोन दर दहा मिनिटांनी वाजत होता. बुलंदशहरच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत जावं लागलं, तेव्हा बाबा खिडकीबाहेर मान काढून ट्रॉलीवाल्याला विचारत होते, यंदा ऊस कसा आहे. मला हॉर्न वाजवायचा होता आणि त्यांना गप्पा मारायच्या होत्या.

गाव लहानसं, जुनं आणि शांत निघालं. घाटाच्या वरच यात्रेकरूंसाठी खोल्या देणारं एक दुमजली घर होतं. तिथं वरची खोली मिळाली, दोन पलंग आणि नदीकडे उघडणारी गॅलरी. फेब्रुवारी संपत आला होता. पाणी कमी झालेलं, पलीकडे वाळूच वाळू, आणि त्या वाळूत हिरवे ठिपके. घाटावर दहा-बारा माणसं. आम्ही बौद्ध, गंगेत बुडी मारून पुण्य मिळवणाऱ्यांतले नाही, पण बाबा पायऱ्या उतरून थेट पाण्यात गेले आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे राहिले. एक पंडा जवळ आला. कुठून आलात, कुठलं गोत्र, कौन बिरादरी, असं त्याचं सुरू झालं.

"मास्टर," बाबा म्हणाले. "हम मास्टर हैं. यही बिरादरी है."

पंडा गोंधळला आणि मग त्यालाच उलट प्रश्न सुरू झाले. अब्दालीची छावणी नेमकी कुठं होती? गावात कुणी सांगतं का? जुनी भिंत, विहीर, काही? पंड्याला काही माहीत नव्हतं. चहावाल्याला नव्हतं. एका दुकानदारानं छातीठोकपणे तीन वेगवेगळ्या दिशा दाखवल्या. बाबांनी मला तिन्ही दिशांना चालवलं. एकीकडे आंब्याची बाग, एकीकडे साखर कारखान्याचा रस्ता, तिसरीकडे नुसतं मोकळं माळरान. प्रत्येक ठिकाणी ते थांबून नदी किती लांब आहे याचा अंदाज घ्यायचे आणि मी फोनला रेंज आहे का ते बघायचो.

संध्याकाळी खोलीवर आलो तेव्हा माझे पाय दुखत होते आणि निविदेतला एक तक्ता चुकलाय असा निरोप आला होता. लॅपटॉप उघडून मी पलंगावर बसलो. बाबा गॅलरीत गेले, आत आले, पुन्हा गेले. "चला ना, खाली नाववाला म्हणून राहिला, या वेळेला डॉल्फिन दिसते म्हणून." मी म्हटलं, पाच मिनिटं. त्यांनी दार उघडलं, लावलं. चप्पल घातली, काढली. पाण्याची बाटली भरून आणली. पुन्हा गॅलरीत.

"बाबा," मी स्क्रीनवरून मान न उचलता म्हणालो, "जरा एका जागी बसा ना हो."

आवाज चढला होता माझा. ते पलंगाच्या कडेला बसले आणि खरोखरच बसून राहिले. जेवणसुद्धा खोलीतच झालं. वरण बरं आहे, एवढंच म्हणाले.

सकाळी साडेसहाला मला जाग आली तेव्हा त्यांचा पलंग रिकामा होता. चादर घडी करून ठेवलेली. चष्म्याची डबी रिकामी, चपला नाहीत. फोन मात्र चार्जिंगला तसाच लावलेला. असतील घाटावर, असं म्हणून मी तोंड धुतलं. घाटावर नव्हते. चहाच्या टपरीवर नव्हते. काल चाललो त्या आंब्याच्या बागेपर्यंत मी जवळजवळ धावतच गेलो. नदीवर धुकं होतं आणि त्यात दूरवर उभा प्रत्येक माणूस मला त्यांच्यासारखा वाटत होता. जवळ गेलो की निघायचा कुणी भलताच.

परत येताना बायकोचा फोन आला. "बाबा उठले का? दे ना त्यांना."

"अंघोळ करताहेत," मी म्हणालो.

"एवढ्या सकाळी? गरम पाणी आहे ना तिथं? बाथरूममध्ये निसरडं नाही ना?"

"सगळं बिल्कुल ठीक आहे. मग करतो फोन." मी फोन ठेवला आणि पायरीवर बसलो. मग बसवेना म्हणून उठलो. घाटाच्या पायऱ्यांवर पाण्याच्या कडेकडेनं बघत चाललो होतो. मी काय शोधत होतो ते मला कळत होतं आणि ते स्वतःशीसुद्धा कबूल करायचं नव्हतं.

टोकाच्या घाटावर एक म्हातारी झेंडूचे हार ओवत बसली होती. मी तिला विचारलं. उंच माणूस, पांढरे केस, मरून स्वेटर.

"वो मास्टरजी?" ती म्हणाली. "वो तो पहली नाव से पार चले गए. खेतवालों के साथ."

म्हणजे हिलाही ठाऊक होतं ते मास्टर आहेत.

पुढची नाव सुटेपर्यंत वीस मिनिटं गेली. नावाडी माणसं गोळा होईपर्यंत हलायला तयार नव्हता. मला एकट्याला घेऊन चल, म्हणून मी त्याच्या मागे लागलो तेव्हा कुठं त्यानं बांबू हातात घेतला. पाणी कमी असल्यामुळे नाव वळसा घेत घेत गेली. पलीकडे उतरलो तर बुटात वाळू भरली. समोर काकडी आणि टरबुजाच्या वेलांचे वाफे, वाऱ्याला आडोसा म्हणून वाळक्या गवताच्या बुटक्या भिंती लावलेल्या. तिसऱ्या आडोशामागे बाबा होते. वाळूत मांडी ठोकून बसले होते, स्वेटरच्या बाह्या वर, आणि एका बाईच्या शेजारी बसून खड्ड्यांत शेणखत घालत होते. मोडलेल्या हातानं जमत नव्हतं म्हणून डाव्या हातानं.

मला बघून ते उठले नाहीत.

"बाबा! अहो, सांगून तरी जायचं! फोन ठेवून आलात. दीड तास झाला, मी सगळं गाव पालथं घातलं."

"चिठ्ठी लिहिणार होतो," ते म्हणाले. "मग वाटलं, परवानगी मागितल्यासारखं होईल."

ती बाई आमच्याकडे बघत होती. तिनं दोन वाफे पलीकडे जाऊन काम सुरू केलं. मी वाळूवर बसलो. खूप रागवायचं ठरवून आलो होतो. म्हणालो मात्र एवढंच, "काल मी बोललो, ते चुकलं माझं."

"चुकलं कसं? बरोबर बोललात." त्यांनी हातातलं खत खड्ड्यात सोडलं आणि वरून वाळू लोटली. "तीन महिने मी तेच करून राहिलो. फेऱ्या मारल्या तरी एका जागी बसल्यासारखाच. पोरगी सकाळी जाते तेव्हा सांगून जाते, बाबा काही करू नका, आराम करा. चहा ठेवला तर धावत येते, गॅस मी लावते म्हणून. ती प्रेमानंच करते. पण मला घरात कुठं उभं राहावं ते कळत नाही, जावईबापू. सतत वाटते, आपण कुणाच्या तरी वाटेत उभे आहोत."

मी बुटातली वाळू झटकू लागलो.

"मला वर्ध्याला सोडा," ते म्हणाले.

"तिकडे एकटे..."

"पडलो तर पडलो. बाथरूममध्ये दांडी लावून घेईन. शेजारची पोरं दिवसातून दोनदा येऊन जातात. तिथं मी पडलो तरी माझ्या घरात पडीन." मग जरा थांबून म्हणाले, "हे मला तिला सांगता येत नाही. ती रडेल. तुम्ही सांगा."

"मी?"

"दुसरं कोण आहे?"

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. तीच होती. मी त्यांच्याकडे पाहिलं. "मघाशी मी तिला सांगितलंय, तुम्ही अंघोळ करताय."

बाबा मोठ्यानं हसले. त्या तीन महिन्यांत मी ते हसणं ऐकलं नव्हतं. मातीचे हात स्वेटरला पुसून त्यांनी फोन घेतला आणि म्हणाले, "हो गं, झाली अंघोळ. मस्त झाली."

परतीच्या वाटेवर मात्र माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बुलंदशहरला जेवायला थांबलो तर मला जेवण जाईना. ते दोन पराठे खाऊन गाडीत शांत झोपी गेले, पाठ मागे टेकून. त्यांनी आपली सगळी अस्वस्थता जणू माझ्या अंगावर काढून ठेवली होती.

घरी मी दोन दिवस काहीच बोललो नाही. निविदा गेली. मंगळवारी संध्याकाळी बायको कणीक मळत असताना मी सगळं सांगून टाकलं, ते पहाटे नदीपलीकडे गेले होते इथपासून. तिचा हात थांबला. आधी ती माझ्यावरच उखडली. "तू माझ्याशी खोटं बोललास. ते बुडाले असते तर?" मग म्हणाली, "आणि मी काय वाईट वागवते का त्यांना?" मी म्हटलं, नाही. "मग?" मी एवढंच म्हणालो, "त्यांना चहासुद्धा करता येत नाही इथं." ती पीठ तसंच टाकून हॉलमध्ये गेली. बाबा गॅलरीत उभे होते. दोघं काय बोलले ते मी ऐकलं नाही. मुद्दामच नळ सोडून भांडी घासत राहिलो. ती परत आली तेव्हा डोळे लाल होते, आणि पुढचे चार-पाच दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

पंधरा दिवसांनी मीच त्यांना सोडायला वर्ध्याला गेलो. बाथरूममध्ये दांडी बसवून घेतली, रबरी पायपुसणी आणली. स्टेशनवर सोडायला ते रिक्षातून माझ्याबरोबर आले. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून माझा हात धरला आणि म्हणाले, "तुम्हाला त्रास झाला, माहीत आहे मला."

बायको दिवाळीपर्यंत काही वर्ध्याला गेली नाही. रोज फोन करायची, एकदा सकाळी, एकदा रात्री, आणि ठेवल्यावर थोडा वेळ फोनकडेच बघत राहायची. दिवाळीत चार दिवस राहून आली. बॅग उघडत होती, मी विचारलं, कसं आहे सगळं.

"घर स्वच्छ होतं," ती म्हणाली. साडीची घडी मोडून तिनं पुन्हा तशीच घातली. "मला वाटलं होतं, नसेल."