दामूअण्णांच्या वालावरची फवारणी

दामूअण्णा गेल्याचा निरोप व्हॉट्सॲपवर आला आणि पाठोपाठ जोडलेल्या हातांची चित्रं. महिना झाला त्याला. दहाव्याला त्यांच्या गावी, चांदीपला गेलो, तर तिथे भाषणं! एक बडे बागायतदार माइक धरून म्हणाले, "माणूस देव, पण औषधाचं माप कळायचं नाही. डबल डोस मारून वाल घालवला होता!" लोक हसले. दहाव्याला हसतात... जनाची नाही, मनाची तरी? आणि त्या टोळक्यात मान खाली घालून मीही बसलो होतो.

वीस वर्षांपूर्वी मी तिथे कृषी सहायक होतो. नवी नोकरी, नवी मिजास. भात निघालं की अण्णा त्याच ओलीवर वाल पेरायचे. त्या साली फुलं येताना हवा ढगाळ झाली आणि शेंड्यांवर मावा चढला. अण्णा उकिडवे बसून एकेक पान उलटून बघत होते. काळ्या ठिपक्यांचा लाल ढालकिडा बोटावर घेऊन म्हणाले, "साहेब, आठ दिस थांबा. ढग आले का मावा येतो, मागून हे त्याला खानारे येतात. थंडी पडली का बसतो. खरी अळी पुढं, शेंग भरताना." मी फिस्सकन हसलो. माझ्याकडे छापील तक्ता होता ना! मीच उभा राहून फवारणी करवली, चौथ्या दिवशी पुन्हा. ढालकिडे मेले, मावा दुपटीने उसळला, सगळा वाल चिकट, काळा पडला.

वरचे अधिकारी पाहणीला आले. माझी नोकरी अजून कच्ची होती. मी तोंड उघडायच्या आत अण्णा बोलले, "माप माझा चुकला." आणि मी, शिकलेला माणूस, गप्प! थू असल्या शिक्षणावर. गाव त्यांना हसत राहिलं आणि मी दर हिवाळ्यात त्यांच्याकडे बसून वालाची उसळ ओरपत राहिलो.

माइकवाल्यांनो, आता वाचा. माप अण्णांचं नव्हतं चुकलं. माझं चुकलं.

हे लिहिण्याआधी, परवा, अण्णांच्या बायकोला, वैनींना, सांगायला गेलो. त्या शेंगा सोलत होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं, हात थांबला नाही.

"मला ठावं हाय," म्हणाल्या. "तुमी यायचे तवा ते सकालपासून वाट बघायचे. बोलायचे, आज साहेब खरं सांगंल. तुमी जेवून निघून जायचे."

ओटीवरची अण्णांची प्लॅस्टिकची खुर्ची अजून रस्त्याकडे तोंड करून आहे. वैनींनी मला तिच्यावर बसा म्हटलं नाही.