महिनाभरापुरता बरा झालेला माणूस

“तीनही नळ्या बंद आहेत,” डॉक्टर जोसेफ म्हणाले आणि पडद्यावरचं काळं-पांढरं चित्र त्यांनी आमच्याकडे वळवलं. आमच्या ह्यांची नुकतीच अँजिओग्राफी झाली होती. अँजिओग्राफी म्हणजे मनगटातून बारीक नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं चित्र काढतात ते. मला त्या चित्रातलं ओ की ठो कळलं नाही. पण डॉक्टर आमच्याकडे न बघता भिंतीकडे बघत बोलत होते, ते कळलं.

आमचे हे म्हणजे अशोक, खेडजवळचे, मस्कतजवळ रुसैलच्या कारखान्यात फोरमन. दोन महिने छातीत जळजळ होत होती आणि हे ॲसिडिटीच्या गोळ्या चघळत होते. आखातातल्या आपल्या प्रत्येक पुरुषाला ॲसिडिटीच असते, दुसरं काही होतच नाही. जिना चढताना तिसऱ्या पायरीवर बसले, तेव्हा मी बखोट धरून हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. इजेक्शन फ्रॅक्शन कमी आहे. म्हणजे हृदय प्रत्येक ठोक्याला जेवढं रक्त बाहेर ढकलायला हवं, तेवढं ढकलत नाही. यांचं निम्म्यावर आलं होतं. “स्नायू थकलाय, पण मेलेला नाही. नळ्या उघडल्या तर सुधारेल,” असं ते हिंदीत म्हणाले. हे वाक्य मी पदराला गाठ मारावी तसं धरून ठेवलं.

“मग कधी उघडताय?” मी विचारलं.

“मी नाही करू शकत, भाभी.”

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. कारण आम्ही याच डॉक्टरांकडे मुद्दाम आलो होतो. आमच्या ह्यांच्या कंपनीतले ड्रायव्हर शकीलभाई, हर्णैचे. दोन वर्षांपूर्वी त्यांचीही अशीच गत होती, आणि याच डॉक्टरांनी “देखेंगे, इन्शाल्ला” म्हणत त्यांच्या नळ्या उघडल्या होत्या. शकीलभाई आज सोहारपर्यंत ट्रेलर घेऊन जातात आणि परत येऊन बिर्याणी हाणतात.

“तेव्हाची गोष्ट वेगळी होती,” डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी समजावलं. हॉस्पिटलला दर्जाचं नवं मानांकन मिळालं होतं. खाली लॉबीत त्याचा काचेचा फलकही होता. आता हृदयाच्या प्रत्येक डॉक्टरचे निकाल मोजत. आधी ठरवून केलेल्या प्रोसीजरनंतर तीस दिवसांच्या आत रुग्ण गेला, तर तो त्या डॉक्टरच्या नावावर. कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू ठेवायचं की नाही, ते त्यावर ठरायचं. डॉक्टर जोसेफांचे यंदाचे निकाल आधीच वाईट होते. बायपास करणाऱ्या सर्जननेही फाईल चाळून मान हलवली. दुसऱ्या हॉस्पिटलात फोन केला तर तिथेही हेच. सरकारी हॉस्पिटल आपल्यासारख्या परदेशी माणसाला अगदी जिवावर बेतल्याशिवाय घेत नाही.

नियम वाईट नाही हो. वाईट डॉक्टर सापडावेत म्हणून कुणीतरी भल्या बुद्धीनंच केला असणार. पण त्यात झालं असं, की जो जास्त आजारी, तो नकोसा झाला. डॉक्टरांना बरे रुग्ण हवेत. शाळा हुशार पोरांनाच प्रवेश देते आणि मग निकालाच्या जाहिराती लावते, तसलाच प्रकार.

“तुम्ही इंडियात जा. तिकडे करतील,” डॉक्टर म्हणाले.

जातो म्हटलं. तर विमान कंपनीला ‘फिट टू फ्लाय’ सर्टिफिकेट हवं. म्हणजे हा माणूस विमानात बसण्याच्या लायकीचा आहे, असं डॉक्टरनं लिहून द्यायचं. डॉक्टर जोसेफ सही करेनात. वाटेत काही झालं तर सही त्यांची.

“म्हणजे इथे करायचं नाही आणि इथून जायचंही नाही,” मी म्हटलं. “मेल्यावर विमानात घेतात ना? तेव्हा कुणाची सही लागते?”

“भाभी, प्लीज,” डॉक्टर म्हणाले. ह्यांनी माझा हात दाबला. माझं तोंड पहिल्यापासून फाटकं, आणि हे पहिल्यापासून भिडस्त. डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी उलट थँक्यू म्हटलं.

गोळ्या घेऊन घरी आलो. आमचं घर अझैब्याला, विमानतळाच्या इतकं जवळ की चहा पिताना विमानाचा आवाज आला की बोलणं थांबवावं लागतं. हे पलंगावर उशा रचून बसून असायचे, कारण आडवं झालं की दम लागायचा. पाय सुजले. विमान गेलं की म्हणायचे, “गेलं बघ मुंबईचं.” मी भांडी आपटायची.

शेवटी ठरलं, साध्या प्रवाशासारखं जायचं. विमान कंपनीला काही सांगायचं नाही. सगळ्यांनी सल्ले दिले आणि सगळ्यांचा सल्ला एकच: व्हीलचेअर मागू नका, ती मागितली की कागद मागतात. आणि खोका घ्या.

खोका म्हणजे काय ते आखातात राहिलेल्याला सांगायला नको. पुठ्ठ्याचा, दोरीनं करकचून बांधलेला, वर मार्करनं नाव. गावी जाणारा माणूस खोक्याशिवाय दिसला की लोक समजतात, याचं काहीतरी बिनसलंय. नोकरी गेली किंवा कुणी मेलं. “रिकाम्या हातानं गेलो तर काउंटरवरच ओळखतील,” हे म्हणाले. खरं तर त्यांना गावातही तसं उतरायचं नव्हतं. मी कपाळावर हात मारला, पण भरला खोका. खजूर, हलवा, दूध पावडर, पुतण्याला ब्लँकेट. हे उशांना टेकून सांगत होते, अजून जागा आहे, साबण टाक.

शकीलभाईंनी आम्हाला विमानतळावर सोडलं. “वहिनी, मी गाडी लावून येतो. खोक्याला हात लावू देऊ नका त्याला,” असं बजावून गेले. मी पर्समधून पासपोर्ट काढत होते. काउंटरवरच्या पोरीनं काट्याकडे बोट दाखवलं. बायको खोका उचलतेय आणि नवरा बघत उभा आहे, असं दृश्य आमच्याकडे कुणी पाहिलेलं नाही. मी मान वर करेपर्यंत ह्यांनी तो उचलून काट्यावर ठेवला होता. ठेवला आणि त्याच्यावरच पालथे पडले.

ॲम्ब्युलन्स त्याच हॉस्पिटलात घेऊन गेली. आणि आता गंमत बघा. तेच डॉक्टर जोसेफ धावत आले. स्ट्रेचर मी सोडेपर्यंतही थांबले नाहीत. ज्या नळ्या उघडता येत नव्हत्या, त्या भराभर उघडल्या.

बाहेर येऊन त्यांनी सांगितलं, कार्डिओजेनिक शॉक होता. म्हणजे हृदय इतकं गळून जातं की अंगाला रक्तच पुरत नाही. जीव वाचला होता.

“आज कसं केलंत?” मी विचारलं.

“इमर्जन्सी वेगळी धरतात. त्यात गेला तर डॉक्टरच्या नावावर येत नाही.”

मेला तर आजारानं, जगला तर हॉस्पिटलमुळे. मी पुढचं विचारलं, कारण विचारल्याशिवाय मला घास गेला नसता. “पहिल्या दिवशी केलं असतं तर?”

ते या वेळी माझ्याकडे बघत होते. “तेव्हा स्नायू जिवंत होता. आता बराच मेलाय. केलं असतं तर ते कामावर परत गेले असते, असं मला वाटतं.”

मी त्यांना शिव्या घालणार होते. पण त्यांचे डोळे भरले होते, आणि मला त्याचाही राग आला. तरी एक सांगते, या सगळ्या आजारपणात माझ्याशी कुणी खरं बोललं असेल तर ते एवढंच. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. बाकी कशाबद्दल नाही.

दुसऱ्या दिवशी दर्जा बघणाऱ्या खात्यातली मॅडम फुलं घेऊन आली. दारात आल्यापासून नळी उघडेपर्यंतचा वेळ फार छान आला होता म्हणे. तिनं फोटो काढला. आमचे हे फोटोत हसलेत.

तुमच्यावर ही वेळ आली, तर डॉक्टरांना ‘धोका किती’ एवढंच विचारून उठू नका. ‘धोका कुणाला?’ तेही विचारा. मी ते फार उशिरा विचारलं.

घरी आल्यावर हे पलंग ते खिडकी एवढंच चालत. महिना पुरा झाला त्या सकाळी हॉस्पिटलातून फोन आला. गोड आवाजाच्या मुलीनं विचारलं, “मॅडम, पेशंट हयात आहेत?”

“आहेत,” मी म्हटलं. तिनं थँक्यू म्हणून फोन ठेवला. कसे आहेत, ते विचारलं नाही.

“कोण होतं?” ह्यांनी विचारलं. मी सांगितलं. दम लागत होता तरी हसले. “म्हणजे डॉक्टर पास झाला. बरं झालं बिचाऱ्याचं.” इमर्जन्सी डॉक्टरच्या नावावर धरत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात ते गेले. ते खेडला निघाले तेव्हा विमानात खाली सामानाच्या भागात होते, आणि त्या विमानाचे सगळे कागद अगदी वेळेवर मिळाले. दोरी न सोडलेला खोकाही मी सोबत नेला. हॉस्पिटलातून मात्र पुन्हा कधी फोन आला नाही.