बाहीआडचं तुळशीवृंदावन

ही हकीकत मी स्टुटगार्टमधल्या आमच्या दत्तजयंतीला कितीतरी वेळा सांगितली आहे, आणि खरी एकदाही सांगितलेली नाही. आरती झाली की कोणीतरी म्हणतंच, "काका, ती जपानची गोष्ट सांगा ना." मग मी सांगतो, की डोंगरातल्या गरम झऱ्यांच्या गावात आम्हाला राहायला जागा मिळेना, मी नामस्मरण सुरू केलं आणि दत्तमहाराज एका म्हाताऱ्या बाईच्या रूपात येऊन आम्हाला घरी घेऊन गेले. ऐकणारे हात जोडतात. माझी बायको कुंदा त्या वेळी आत प्रसादाचा शिरा वाढत असते. तिने मला कधी अडवलं नाही, म्हणून इतकी वर्षं निभावलं. तसं पाहिलं तर त्या गोष्टीत खोटं फारसं नाही. जागा मिळत नव्हती हे खरं, बाई आली हेही खरं. मी मधला फक्त एक हात गाळला. कुंदाचा उजवा हात.

कुंदा कोकणातली. तिच्या गावाबाहेर देवीच्या देवळापाशी गरम पाण्याचं कुंड आहे, त्याला तिकडे उन्हाळं म्हणतात. लहानपणी तिच्या उजव्या हातावर कोपराखाली तुळशीवृंदावन गोंदलं होतं, खाली पाच ठिपके. गोंदणारी बाई दारात आली तेव्हा ही माळ्यावर जाऊन लपली होती, आईने गुळाचा खडा दाखवून खाली उतरवलं. "मेल्यावर सोनं-नाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं," असं आईने समजावलं होतं म्हणे. लग्नानंतर हे सगळं तिने मला हसत हसत सांगितलं होतं आणि मीही हसत ऐकलं होतं. तेव्हा तो हात मला आवडायचा.

पुढे नोकरीमुळे आम्ही जर्मनीत आलो. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी इंजिनियर होतो. पहिल्याच नाताळच्या पार्टीत एका सहकाऱ्याच्या बायकोने कुंदाचा हात धरून विचारलं, हे काय आहे, तुमच्यात जातीची खूण अशी करतात का? तिने कुतूहलाने विचारलं असेल, पण मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. घरी आल्यावर मी कुंदाला म्हणालो, "यापुढे बाहेर जाताना पूर्ण बाह्यांचं घालत जा. इथे थंडी असते." तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाली. तेव्हापासून तिचे सगळे ब्लाउज, सगळे कुडते मनगटापर्यंत. आमच्या शहरातल्या कानश्टाट भागातल्या गरम पाण्याच्या तलावात संधिवातासाठी जायची तेव्हाही ती लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घालायची. त्या तलावात मानेपासून घोट्यापर्यंत चित्रं काढून घेतलेले जर्मन आजोबा आरामात डुंबत असत, आणि त्यांच्या शेजारी माझी बायको बाही ओली करून बसलेली.

मी निवृत्त झालो तेव्हा आम्ही जपानला जायचं ठरवलं. कामानिमित्त मी तिथे दोनदा गेलो होतो, पण सगळा वेळ कारखान्यात. कुंदाला एकच इच्छा होती. "ते डोंगरातले झरे बघायचेत. आमच्या उन्हाळ्यासारखं पाणी असेल तर गुडघे बुडवून बसेन." मी कामाला लागलो. कोणत्या गावात कोणती सराय, बस कुठे बदलायची, शाकाहारी जेवण कोण देतं, सगळं शोधून तीन मुक्काम पक्के केले. मुलगा हसून म्हणाला, "बाबा, जर्मन लोकसुद्धा सुट्टीला जाताना एवढा आराखडा करत नाहीत." मला ती शाबासकीच वाटली. बुकिंग करताना एक प्रश्न आला होता: पाहुण्यांपैकी कोणाच्या अंगावर टॅटू आहे का? मी क्षणाचाही विचार न करता 'नाही' निवडलं. टॅटू म्हणजे फुटबॉल खेळणारी पोरं काढतात तो. कुंदाच्या हातावर आहे ते गोंदण. ते टॅटू असतं हे माझ्या मनातही आलं नाही. आणि खरं सांगायचं तर ते आहे याचाच मला विसर पडला होता. माझ्याच हुकमाने झाकलेला हात मी तरी कुठे पाहत होतो?

पहिल्या मुक्कामी दुपारी पोचलो. डोंगर लालपिवळे झालेले, गल्लीगल्लीतून वाफ येत होती, गंधकाचा वास. कुंदा लहान मुलीसारखी चालत होती. सराईत शिरताच तिने बाह्या वर सारल्या, टॉवेल घेतला आणि स्नानघराकडे निघालीसुद्धा. दारातल्या बाईने तिचा हात पाहिला आणि ती इतकी वाकली, इतकी वाकली, की क्षणभर मला वाटलं गोंदणालाच नमस्कार करते आहे. मग तिने भिंतीवरची पाटी दाखवली. खोली देऊ, जेवण देऊ, पण सगळ्यांच्या स्नानाच्या जागी गोंदलेल्या माणसाला येता येत नाही. त्यांच्याकडे गुंडांच्या टोळ्या अंग गोंदवून घेतात, त्यावरून आलेला हा नियम. बाईने पुन्हा पुन्हा क्षमा मागितली. मीच तावातावाने सामान उचललं.

"काय झालं हो?" कुंदाने विचारलं.

"बुकिंगचा घोळ आहे."

"माझ्या हातामुळे ना?"

"छे गं. काहीतरीच."

वर सारलेली बाही तिने खाली ओढली आणि मनगटाचं बटण लावलं. ते बटण लावणं मला आजही दिसतं.

पुढच्या दोन्ही मुक्कामांना फोन केला तर तिथेही तोच नियम. गावातल्या इतर जागा सुट्टीमुळे भरलेल्या. एका ठिकाणी आमची भाषा ऐकूनच मान हलवली, एका ठिकाणी जागा होती पण पायऱ्या एवढ्या की कुंदा वर चढूच शकली नसती. ऊन उतरायला लागलं. मी मनात जप करत होतो असं दरवर्षी सांगतो. ओठ हलत होते खरे, पण तो जप होता की संताप, ते महाराजांनाच ठाऊक. आयुष्यभर कामात शब्द खाली पडू दिला नाही, आणि बायकोला एका गावात पाठ टेकायला जागा देता येत नव्हती. तिचे गुडघे सुजले होते. शेवटची बस गेली तर काय करायचं, हे मला माहीत नव्हतं.

रस्त्याच्या कडेला पाय बुडवून बसायचं एक लाकडी टाकं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणीही बसावं असं. कुंदा सरळ तिथे बसली, सलवार गुडघ्यापर्यंत ओढली आणि पाय पाण्यात सोडले. "अहो, या इकडे. आमच्या उन्हाळ्यापेक्षा जरा कमी ऊन आहे, पण पाणी देवीचंच." मी म्हणालो, "अगं, आपल्याला राहायला जागा नाहीये!" ती म्हणाली, "पायांना तर मिळाली ना? बाकीच्याचं दत्तगुरू बघतील. तुम्ही सोडा आता तो फोन." आणि तिने दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर केल्या. मी इकडेतिकडे पाहिलं. "हात झाक," असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

पलीकडे एक जपानी आजी पाय बुडवून बसल्या होत्या. ऐंशीच्या तरी असतील. त्या कुंदाच्या हाताकडे टक लावून पाहत होत्या. मला वाटलं, झालं, आता इथूनही उठवणार. त्या उठल्या, पाण्यातूनच चालत कुंदापाशी आल्या, तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि तुळशीवृंदावनावरून बोट फिरवू लागल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. मी घाईने फोनवरचा भाषांतर करणारा आवाज सुरू केला. तो जर्मनच बोलायचा. त्या जपानीत बोलल्या आणि जपानी डोंगरात माझा फोन खणखणीत जर्मनमध्ये म्हणाला, "माझ्या आजीचे हात असे होते."

मग हळूहळू कळलं. त्यांची आजी दक्षिणेकडच्या दूरच्या बेटांवरची. तिथे पूर्वी बायका हातांवर गोंदवून घेत. पुढे त्यावर बंदी आली. म्हातारपणी ही आजी लोकांसमोर हात बाह्यांत ओढून बसायची, पण नातीला जवळ घेऊन सांगायची, की हे नसेल तर पलीकडच्या जगात आपल्याला कोणी ओळखणार नाही. मी हे जर्मनमधून मराठीत सांगितलं तर कुंदा माझ्यावरच डाफरली, "अहो, माझी आई वेगळं काय म्हणायची?" आणि मग त्या दोघी हातात हात घालून हसायला लागल्या, रडायला लागल्या, मला कळेना यांना आता भाषांतर करून देऊ तरी काय.

आजींची वर डोंगरात लहानशी सराय होती. त्यांचे यजमान वारल्यापासून त्या पाहुणे घेत नव्हत्या. आम्हाला त्या स्वतःच्या छोट्या गाडीतून घेऊन गेल्या. घरामागे दगडात बांधलेलं कुंड, मध्ये बांबूची भिंत, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. मी अलीकडे गळ्यापर्यंत बुडून बसलो होतो आणि पलीकडून कुंदाचा आवाज येत होता. ती अख्खी गोष्ट अस्सल कोकणी मराठीत सांगत होती, "आणि मग काय, मी माळ्यावर! आई खाली गूळ घेऊन उभी!" आजी जपानीत काहीतरी म्हणायच्या आणि दोघी खिदळायच्या. इतक्या वर्षांत तिला असं हसताना मी ऐकलं नव्हतं. मी डोळे मिटले. जप न करता माझे हात जोडले गेले. जेवताना कुंदाने पिशवीतून मेतकूट काढून आजींच्या भातावर घातलं. त्यांनी चव घेतली आणि वाटी परत पुढे केली. तीन मुक्कामांऐवजी आम्ही सगळे दिवस तिथेच राहिलो. आजींनी एक पैसा घेतला नाही. निघताना त्यांनी फक्त कुंदाच्या हातावर कपाळ टेकलं.

इथपर्यंतचं लिहिताना मला आनंदच होतो आहे. अवघड आहे ते यापुढचं. परत आल्यावर त्या वर्षीच्या दत्तजयंतीला कुंदा प्रथमच अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज घालून तयार झाली. मला गोष्ट सांगायची होती, आणि ती माझ्या शेजारी बसणार होती. दारातून निघताना मी म्हणालो, "थंडी आहे, शाल घे." गाडीत हीटर होता, सभागृहात हीटर होता. तिला कळलं. तिने शाल घेतली, हात झाकला आणि तिथे पोचल्यावर आत शिरा वाढायला निघून गेली. बाहेर मी माझ्या नामस्मरणाची गोष्ट सांगितली. ज्या हाताला धरून कृपा आली, तोच मी पुन्हा झाकला.

आता मला वाटतं, आपण देवाला घरातलं सगळं दाखवतो आणि जी एक गोष्ट लाजेने मागे लपवतो, नेमकी तीच तो हातात घेतो. माझा आराखडा त्याने बाजूला ठेवला, माझा जपही ठेवला. सोडून देणं म्हणजे काय, हे पाण्यात पाय टाकून बसलेल्या कुंदाला ठाऊक होतं. यंदाच्या दत्तजयंतीला मी हे असंच वाचून दाखवणार आहे, तिला समोर बसवून.

पण त्याआधी तिला एकटीला सांगायला हवं. काल दुपारी ती खिडकीपाशी बसली होती. नात मांडीवर रेलून तिच्या तुळशीवृंदावनावर बोट फिरवत जर्मनमध्ये विचारत होती, असंच मला कधी मिळेल. बाहेर बर्फ पडत होता. मी जवळ जाऊन बसलो.

"कुंदा, ती शाल... त्या दिवशी मी तुला..."

तिने वर पाहिलं, हसली आणि बाही आणखी थोडी वर सारली.

"राहू द्या हो ती शाल," ती म्हणाली. "उकडतंय मला."