दरसाल वाढणारं वावर

वावरात जाताना उकंडामामा कोणाशी बोलायचा नाही. बोललं की आकडा चुकायचा. पांदण, म्हणजे शेतांमधली गाडीवाट, संपली की आधी हरिसिंगचं वावर लागायचं, त्याच्या खालच्या कडेनं चालत गेलं की मामाचं. दुसरी वाट नव्हती. हरिसिंगच्या पहिल्या पळसापाशी मामा थांबायचा, चप्पल झटकायचा, उजवा पाय टाकायचा आणि मोजायला लागायचा. ओठ हलायचे, आवाज नसायचा. दोन वावरांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे गवत माजलेल्या त्या बांधावर, पोचला की हरिसिंगचा आकडा मनात ठेवायचा आणि आपलं वावर एकपासून मोजायचा. हे रोज. वर्षातून एकदाच, बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, तो ते आकडे कोळशानं कोठ्यात, म्हणजे रिकाम्या गोठ्यात, लिहायचा. डाव्या भिंतीवर हरिसिंगचा, उजव्या भिंतीवर आपला.

मामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. महागाव तालुक्यातल्या एका लहान गावात जन्मला आणि तिथंच राहिला. त्याच्याआधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून तो जन्मला तेव्हा त्याला उकिरड्यावर लोळवून आणलं आणि नाव उकंडा ठेवलं. टाकून दिलेल्या पोरावर मृत्यूची नजर पडत नाही म्हणे. त्याच्या दोन वर्षं आधी आजोबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते, घरातले सगळे देव नाल्यात सोडले होते. मग हे कसं, असं मी एकदा मामाला विचारलं. तो म्हणाला, "लोळवलं ते आजीनं. बाबा त्या टायमाले घरी नोयते." आई सांगते, बाळाचं टोपलं आजोबांनीच उचललं होतं.

तीस वर्षं मामा एका जिनिंगच्या फाटकावर चौकीदार होता. सुटीच्या वेळी मजुरांची झडती घ्यायचा. बायांचे डबे, गड्यांच्या पगड्या, चपलांचे तळ. मूठभर सरकी सापडली तरी नाव लिहायचा. माणूस हसत आला तर त्याची झडती दोनदा. घरी मात्र एक उशी होती, जिनिंगच्या कापसाची, पांढरी शुभ्र. सत्यशीलामामी पाहुण्यांना ती मुद्दाम द्यायची आणि म्हणायची, "झोपा निवांत, चौकीदाराच्या घरची हाय." मामा गंभीरपणे सांगायचा, "तो कापूस म्या आणला नाही. तिथं हवेतच राह्यते. रोज कपड्याले चिकटून येते. आता घरी आलेला कापूस का फेकून देऊ?"

नोकरी संपली आणि झडती घ्यायला कोणी उरलं नाही. मग हरिसिंग सापडला.

हरिसिंग पलीकडच्या तांड्यावरचा. दोघं एका वयाचे. मामाकडे बैल नव्हते, त्यामुळे त्याच्या वावराची पेरणी वर्षानुवर्षं हरिसिंगच्या जोडीनं व्हायची. पण डाव्या भिंतीवरचा आकडा दरसाल वाढत होता. पहिल्या वर्षी एकशे त्रेचाळीस पावलं, मग एकशे पंचेचाळीस, एकशे अठ्ठेचाळीस, आणि सातव्या वर्षी एकशे एकसष्ट. हरिसिंग नांगरताना दरसाल एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, इकडे सरकतो, धुरा खातो, याचा मामाला दुसरा पुरावा नको होता. हरिसिंगनं धुऱ्यावरचं गवत कापलं तर मामा म्हणायचा, "निशाण्या मिटवून राह्यला." नाही कापलं तर, "निशाण्या झाकून राह्यला." हरिसिंगनं वांगी पाठवली तर मामा ती पिशवी बराच वेळ बघत बसायचा. "काहून देते हा?" मग वांगी खायचा.

त्या उन्हाळ्यात मी सुटीला गेले होते. कोठ्यात सावलीला बसले, आणि पहिल्यांदा दोन्ही भिंती एकत्र पाहिल्या. उजव्या भिंतीवर एकशे एकाहत्तर होते. खाली येत येत एकशे त्र्याण्णव झाले होते.

"मामा, तुमचंही वावर वाढलं."

"वाढनच. दरसाल शेणखत टाकतो. माती फुगते."

"हरिसिंगमामा नाही टाकत खत?"

"तो युरिया टाकते. युरियानं माती आखडते." त्यानं बोट वर केलं. "म्हणजे पाह्य, त्याचं वावर आखडायले पाहिजे होतं. तरी वाढलं. केवढं खाल्लं असन मंग?"

मी त्याच्या उजव्या गुडघ्याकडे बघितलं. सात-आठ वर्षांपासून तो सुजायचा. मामा पाय घासत चालायचा, पाऊल पूर्वीसारखं लांब पडायचं नाही. मी म्हटलं, "पाऊल लहान झालं असेल. लहान पावलानं मोजलं की आकडा वाढतो."

"आता माह्या पावलाची झडती घेतं का, पोरी?" तो म्हणाला आणि हसला. पण त्यानंतर माझ्यासमोर तो गुडघ्याला तेल लावायचा नाही.

मामा खोटं बोलत नव्हता. हे समजायला मला वेळ लागला. खोटं बोलणाऱ्याला दोन्ही भिंती आठवाव्या लागतात. त्याला एका वेळी एकच दिसायची.

दिवाळीच्या आधी त्यानं सरकारी मोजणीचा अर्ज टाकला. मामीला कळलं ते हरिसिंगला नोटीस गेल्यावर; मी तेव्हा दिवाळीच्या सुटीला आले होते.

"अजी, रस्ता कोनाच्या वावरातून हाय?" तिनं विचारलं. हातातली भाकर तिनं तव्यावर टाकली नाही, तशीच धरून ठेवली. "सोयाबीनची गंजी वावरात पडून हाय. त्यानं वाट बंद केली तर थ्रेशर का आभाळातून उतरवता?"

"त्याची हिंमत नाही. चोराले हिंमत नसते."

दुसऱ्या दिवशी पांदणीच्या तोंडाशी बाभळीच्या काट्यांचा उभा ढीग होता. मामा नाल्यातून वळसा घालून वावरात गेला, आणि दुपारी आला तेव्हा गुडघा मडक्याएवढा झाला होता. बोलला मात्र वेगळंच. "पाह्य, काटे टाकले. खरा असता तर कायले टाकले असते?"

थ्रेशरवाला दोनदा येऊन परत गेला. उत्तरेकडे आभाळ भरत होतं. वर्षाचं सगळं त्या गंजीत होतं आणि तिच्यावर एक फाटकी ताडपत्री. मामी रोज सकाळी अंगणात येऊन आधी ढगांकडे बघायची, मग मामाकडे. मामा मोजणीच्या तारखेकडे डोळे लावून होता. एकदा मोजणी झाली की हरिसिंग खाली मान घालून वाट देईल, असा त्याचा हिशेब.

मोजणीवाला तरुण होता. खांबावर बसवलेलं यंत्र घेऊन तो धुऱ्यावरून दोनदा गेला, नकाशा पाहिला, पुन्हा गेला. हरिसिंग हाताची घडी घालून लांब उभा. मामा मोजणीवाल्याच्या मागे मागे, त्याची पावलं मोजत.

"धुरा जागच्या जागी आहे," मोजणीवाला म्हणाला. "वीतभर फरक नाही. हा हद्दीचा दगड तर कितीक वर्षांत हलला नसेल. खाली मुंग्यांनी गाव वसवलंय."

हरिसिंग खाली वाकला. जमिनीवरची काडी उचलली, मोडली आणि तांड्याच्या वाटेला लागला. तो भांडला असता तर बरं झालं असतं, असं मामी नंतर म्हणाली.

मामा घरी आला. मामीनं पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर तो हळूच म्हणाला, "मशीन आजचं सांगते. कालचं नाही सांगत."

"म्हणजे?"

"नोटीस पाहून घाबरला तो. खाल्लेलं सारं सोडून दिलं, धुरा होता तिथं नेऊन ठेवला. माहा अर्ज कामाले आला."

"अन् मुंग्या?" मामीनं विचारलं. "मुंग्याईलेही नोटीस गेलती का?"

मामानं ते ऐकलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरत होता, मी बघत होते. थोड्या वेळानं तो उभा राहिला, धुतलेला सदरा घातला. "माणसानं चूक सुधारली तर आपुनबी पोटात ठेवू नये," तो म्हणाला. "जाऊन येतो त्याच्याकडे. माफ केलं म्हणतो."

मामी माझ्याकडे वळली. "पोरी, मांगं मांगं जाय. अन् ते माफीचं तोंडातून निघू देऊ नको."

हरिसिंग दाराशी दोर वळत होता. त्यानं मामाला पाहिलं, दोर खाली ठेवला नाही. मामा ओट्यावर बसला. मी उभीच होते, आणि मामानं तोंड उघडलं की खोकायचं असं ठरवलं होतं.

"दोर मस्त झाला," मामा म्हणाला.

"हाय."

"ते काटे..."

"काटे का तुह्यासाठी टाकले म्या?" हरिसिंग दोराकडे बघत म्हणाला. "डुकरं येऊन राह्यली पांदणीनं. हरभरा उकरतात."

अजून हरभरा पेरायचा होता. मी मामाकडे बघितलं. तीस वर्षं चपलांचे तळ तपासलेला माणूस मान डोलावत होता.

"डुकरं लय झाली बाप्पा," तो म्हणाला. "म्याबी पाह्यली."

"उद्या काढतो. थ्रेशरवाल्याले सांगजो."

गंजी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी पाऊस आला. पेरणीला हरिसिंगची जोडी आली. मे महिन्यात डाव्या भिंतीवर एकशे चौसष्ट उमटले, आणि मामा मामीला बारीक आवाजात म्हणाला, "पुन्हा सुरू झालं त्याचं." त्या वर्षी अर्ज मात्र त्यानं टाकला नाही. आजकाल कचेरीतले लोकही हरिसिंगला मिळालेले असतात, असं कारण त्यानं सांगितलं.

मामा गेला फेब्रुवारीत, दुपारी, खाटेवर पडल्या पडल्या. कोणाला कळलंही नाही. त्या सकाळी हरिसिंग फवारणीचा पंप मागायला आला होता. पंप घेऊन निघाला तर मामानं त्याला बसवून घेतलं. मग स्वयंपाकघराकडे मान वळवून, हरिसिंगला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, मामीला म्हणाला, "हरिसिंगले च्या ठेव. साखर कमी टाकजो. त्याले शुगर हाय, पण लपवून ठेवते तो."