कोरडी माळ

अमरावतीहून अकोल्याला जायला दोन तास पुरतात. मी मात्र भरदुपारी अर्ध्या वाटेवर अडकलो होतो, कारण एका लहानशा स्टेशनवर चहासाठी उतरलो आणि गाडीने माझी वाट पाहिली नाही. टपरीवर शेजारी फुलवाले विष्णूभाऊ बसले होते, फुलांची गाठोडी पायाशी ठेवून. मी कपावर फुंकर मारतोय हे पाहून म्हणाले, "कोठचे तुमी?"

"पुण्याचा."

"तरीच. आमच्याकडं चा पेतात, तुमी त्याले थंडा करून राह्यले."

पुढची पॅसेंजर पलीकडच्या फलाटावर येणार होती. पूल दुरुस्तीसाठी बंद, मधल्या रुळांवर मालगाडी ठाण मांडून. उरला भुयारी मार्ग. वर कडक ऊन होतं, पण पायऱ्या उतरलो तर खाली काळं पाणी. आदल्या रात्री फुगलेला नाला आत झिरपत होता. पाणी हलत नव्हतं, पण चढत होतं. छतावरचे दिवे पाण्यात उलटे दिसत, त्यामुळे खाली आणखी एक बोगदा असावा असं वाटे. भोंग्यावरची सूचना वर संपली की तीच खालून, ओल्या आवाजात, पुन्हा ऐकू यायची.

भिंतीवरच्या एका खिळ्याला झेंडूची माळ होती, निम्मी त्या घाण पाण्यात बुडालेली. देवाची फुलं आणि ही दशा! माझे संस्कार उफाळून आले. माळ सोडवली, झटकली, वरच्या खिळ्याला टांगली, हात जोडले. फोटोही काढला.

वर येऊन बसतो तोच गाडीची सूचना झाली. विष्णूभाऊ गाठोडी डोक्यावर घेऊन धावले, पायऱ्यांवरून वाकून पाहिलं आणि ओरडले, "माळ कोरडी हाये! चाला, निंगा!"

माळेचा आणि निघण्याचा संबंध मला कळला नाही. पण माहितगार माणूस उतरतोय म्हटल्यावर मीही मागोमाग गेलो आणि शेवटच्या कोरड्या पायरीवर बूट काढू लागलो. तेवढ्यात फलाटावर पेरू विकणाऱ्या सुलोचनामावशी वरून ओरडल्या, "अवं, माळ वरतं कोनं टांगली?"

"मी. पाण्यात भिजत होती."

"थे भिजासाठीच असते! रोज मी बांधतो. माळेले पानी लागलं का कोनी उतरत नाई. मधात खोलगट हाये, मानूस बुडते तेथं!"

विष्णूभाऊ वळणाआड गेले होते. आतापर्यंत त्यांच्या पायांची डचमळ ऐकू येत होती. ती थांबली.

"विष्णूऽऽ!" मावशींनी हाक मारली. बोगद्याने फक्त त्यांचाच आवाज परत केला. मग अंधारातून एक झेंडू तरंगत आला. मग चार. मग अख्खं पाणी पिवळं झालं आणि मागून रिकामं फडकं आलं.

मला पोहता येत नाही. तरी कंबरेपर्यंत पाण्यात शिरलो. शौर्य कसलं, मावशींची नजर पाठीत टोचत होती. वळणावर पाण्यातून एका गार हाताने माझं मनगट धरलं. मी किंचाळलो.

"बोंबलू नका, मीच हावो," हनुवटी वर धरून, भिंतीचा कठडा पकडून विष्णूभाऊ म्हणाले. "ओढा आता!"

पायरीवर बसून ते बराच वेळ खोकत राहिले. मी सगळं कबूल केलं. शिवीच्या तयारीने मान खाली घातली.

"देवाची समजले?"

"हो."

"माह्याच वावरातली फुलं. मीच देतो मावशीले." पाण्यावर पसरलेल्या पिवळ्या थराकडे ते पाहत राहिले. "तिनं बांधली म्हनून मी डोळे झाकून उतरतो."

वर पॅसेंजर सुटली. क्षणभराने खालूनही सुटली.

माझं अकोला राहून गेलं. त्यांच्याकडेही विकायला काही उरलं नव्हतं. संध्याकाळच्या एसटीने आम्ही दोघे अमरावतीच्या दिशेने परतलो, त्यांचं गाव त्याच वाटेवर. माझ्या हौशी हाताने आज एक माणूस जवळजवळ संपवला होता, हे खिडकीबाहेर पाहतानाही डोक्यातून जाईना. ते माझ्या खांद्यावर झोपले, इतके निश्चल, की मी हळूच त्यांच्या नाकाशी बोट धरून पाहिलं. थोड्या वेळाने पुन्हा. तिसऱ्यांदा बोट नेलं तेव्हा ते डोळे न उघडताच म्हणाले,

"जिता हावो, बाप्पा. झोपू द्या."