मुलीच्या नावाचं मोटिव्हेशन लेटर

मुलीच्या शाळेचा मेल आला की मी तो आधी ट्रान्सलेटरमध्ये टाकते, मग मुलीला अर्थ विचारते आणि शेवटी नवऱ्यावर चिडते. पण तो मेल मला एका वाचनात कळला. विद्यापीठाचे काही कोर्स शाळेतल्या मुलांसाठी दर बुधवारी दुपारी असतात. त्या दिवशी शाळा लवकर सुटते, मुलं ट्रेनने विद्यापीठात जातात, खऱ्या प्राध्यापकांकडे शिकतात, आणि पास झाली तर पुढे तिथेच प्रवेश घेतल्यावर तो विषय पुन्हा करावा लागत नाही. आतापर्यंत प्रत्येक शाळेतून दोनच मुलं घेत. यंदापासून दहा घेणार होते. 'जास्तीत जास्त विद्यार्थ्यांना संधी मिळावी' म्हणून. मी ते वाक्य 'तुमच्या मुलीला संधी मिळावी' असं वाचलं.

रायस्वाइक या डच गावातल्या आम्हा मराठी आयांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एरवी कढीपत्ता कुठे ताजा मिळतो यावर चालतो. त्या दिवशी कढीपत्त्याला कोणी विचारलं नाही. "कट-ऑफ किती?" हा पहिला प्रश्न. कट-ऑफ नाही, मार्क बघतच नाहीत, असं कळल्यावर ग्रुपवर शोककळा पसरली. एका ताईने लिहिलं, "मग काय उंची बघून घेतात?" तिच्या मुलाला गणितात दहापैकी साडेनऊ होते. ते आता कोणाला दाखवायचे, हा तिचा प्रश्न अगदी रास्त होता.

बघणार होते ते फक्त एक पानाचं पत्र. हा विषय तुला का शिकायचा आहे, ते विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहायचं. आता आमची पिढी अशी की शाळेच्या पेपरात 'स्वतःच्या शब्दांत लिहा' असा प्रश्न आला की आम्ही गाइडमधलं उत्तर शब्दन् शब्द आठवायचो. स्वतःचे शब्द म्हणजे दुसऱ्या कोणीतरी आपल्यासाठी आधीच लिहून ठेवलेले शब्द, एवढं आम्हाला पक्कं ठाऊक. त्यामुळे पत्र कोणी लिहायचं यावर ग्रुपवर चर्चासुद्धा झाली नाही. आम्ही सगळ्या आया त्या आठवड्यात लिहायला बसलो.

मुलीला मी विचारलं नाही, असं नाही. विचारलं. ती तेव्हा सुपरमार्केटचा निळा टी-शर्ट घालत होती. बुधवारी दुपारी ती तिथे शेल्फवर माल लावायला जाते. इथली सगळी मुलं असली कामं करतात, डॉक्टरांची मुलंसुद्धा करतात, हे मी पुण्याला फोनवर इतक्या वेळा समजावून सांगितलंय की आता मलाच ते थोडं पटायला लागलंय. "सूक्ष्मजीवशास्त्राचा कोर्स आहे, करशील ना?" मी म्हटलं. ती मोजे शोधत "मेबी" म्हणाली. मी त्याचा अर्थ हो असा घेतला.

इथे एक गोष्ट सांगून टाकते. मी स्वतः सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होते. दुसऱ्या वर्षी लग्न ठरलं, नवऱ्याला इथल्या झुइडास या ऑफिसांच्या भागातल्या एका टॉवरमध्ये नोकरी लागली, आणि माझं प्रोजेक्ट इनक्युबेटरमध्ये तसंच ठेवून मी डिपेंडंट व्हिसावर इथे आले. 'वर्षभराने जाऊन पूर्ण करते' असं मी गाइडमॅडमना सांगितलं होतं. आता मी कापेलला एका विमा कंपनीत आठवड्याचे तीन दिवस ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं देते. बुधवार मोकळा ठेवलाय, कारण इथे बुधवारी शाळा दुपारीच सुटते आणि आया घरी असतात, अशी पद्धत आहे. मुलगी सोळा वर्षांची झाली, तिला बुधवारी माझी काडीची गरज नाही, तरी मी घरी असते. या सगळ्याचा त्या पत्राशी काहीही संबंध नव्हता, असं मी तेव्हा छातीठोकपणे सांगितलं असतं.

पत्र मी एका बैठकीत लिहिलं. ऑटोक्लेव्हचं, म्हणजे प्रयोगशाळेतल्या कुकरचं, झाकण उघडल्यावर जंतू वाढवायच्या अगारचा जो ऊन वास येतो, तो लिहिला. काल जी प्लेट कोरी होती तिच्यावर सकाळी ठिपके उगवलेले दिसले की कोणालातरी हाक मारून दाखवावंसं वाटतं, ते लिहिलं. मधे चहा गार झाला. मुलीने ते पत्र अपलोड केलं, वाचलं की नाही मी विचारलं नाही. नवरा म्हणाला, "फारच छान इंग्लिश आहे, संशय येईल." मी त्याला म्हटलं, तुला काय कळतंय.

पंधरा दिवसांनी मुलाखतीला बोलावलं. पालक आले तरी चालेल, असं त्यात होतं. चालेल म्हटल्यावर मी जाणारच. शिवाय बरोबर फाइल घेतली. तिच्यात चौथीतलं चित्रकलेचं सर्टिफिकेट होतं, इथल्या पोहण्याच्या परीक्षांचे तिन्ही डिप्लोमा होते आणि महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात म्हटलेल्या श्लोकांचं प्रशस्तिपत्र होतं. समोर कोर्सची समन्वयक बाई बसली होती, स्वेटरच्या बाह्या वर सारून. फाइलकडे तिने एकदा पाहिलं आणि ती टेबलाच्या कडेला सरकवून ठेवली.

"हा वास," ती मुलीला म्हणाली, "तू कुठे घेतलास? तुमच्या शाळेत ऑटोक्लेव्ह आहे?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी फाइलच्या रबराकडे पाहत होते.

"पत्र मी नाही लिहिलं," मुलगी शांतपणे म्हणाली. "माझ्या आईने लिहिलंय."

मला वाटलं आता शाळेला कळवतील, काळ्या यादीत नाव टाकतील, कदाचित खेमेन्तेतून पत्र येईल. इथे नगरपालिकेतून कशाचंही पत्र येतं. तसलं काही झालं नाही. ती बाई हसलीही नाही आणि रागावलीही नाही. "यंदा आलेल्या पत्रांत हे सगळ्यात चांगलं होतं," ती म्हणाली. मग मुलीकडे वळून म्हणाली, "पण तुझ्याबद्दल मला अजून काहीच माहीत नाही. तुला हवं असेल तर आठवडाभरात तू लिही." मग माझ्याकडे वळली. "मोठ्यांनाही याच वर्गात मागे बसून ऐकता येतं. बुधवारीच. त्याचा फॉर्म वेगळा आहे." इथले लोक तोंडावर बोलतात हे ऐकून होते. पण इतकं तोंडावर, पोटच्या पोरीसमोर? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी थँक यू म्हटलं.

स्टेशनवरून सायकलने घरी येताना मुलगी पुढे, मी मागे. कालव्याच्या पुलापाशी सिग्नलला मी तिला गाठलं आणि सुरू झाले. एवढ्या जागा वाढवून दिल्या यांनी, दहा मुलं घेतायत, आम्हाला असलं काही मिळालं असतं तर आम्ही जिवाचं रान केलं असतं, आणि तू एका वाक्यात सगळं मातीत घातलंस. गप्प बसता येत नव्हतं?

"आई, यू नेव्हर आस्क्ड मी," ती म्हणाली.

"विचारलं होतं. तू मेबी म्हणालीस."

"मेबी मीन्स नो, आई. मला तुला दुखवायचं नव्हतं." एवढं तिने मराठीत सांगितलं, म्हणजे मामला गंभीर होता. सिग्नल हिरवा झाला तरी ती हलली नाही. "मी वाचलं ते पत्र. दोनदा. त्यातली मुलगी मला खूप आवडली. बट दॅट्स नॉट मी."

मागून एक आजोबा घंटी वाजवत होते. आम्ही बाजूला झालो. मला तिचा राग आला होता, आणि तिचं म्हणणं खरं होतं याचा त्याहून जास्त आला होता.

तिने पत्र लिहिलं नाही. दोन ओळींचा मेल करून अर्ज मागे घेतला, आणि बुधवारी निळा टी-शर्ट घालून कामाला गेली. ग्रुपवर मी 'तिचं शेड्यूल फार बिझी आहे' असं कळवलं. साडेनऊवाल्या ताईच्या मुलाला जागा मिळाली. तिने पेढ्यांचा फोटो टाकला, मी टाळ्यांची इमोजी टाकली. किती टाळ्या टाकाव्यात यावर मी बराच विचार केला होता.

पुढचे दोन बुधवार मी कपाटं आवरली. तिसऱ्या बुधवारी आवरायला काही उरलं नव्हतं, म्हणून त्या बाईने सांगितलेला फॉर्म उघडून बघितला. नुसता बघितला. नाव, पत्ता, जन्मतारीख सहज भरलं. 'पूर्वीचं शिक्षण' या रकान्यात 'अपूर्ण' असं लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी एक मोठा चौकोन होता. तुम्हाला हे का शिकायचं आहे, स्वतःच्या शब्दांत लिहा.

मुलीच्या नावाने मी अख्खं पान एका बैठकीत लिहिलं होतं. माझ्या नावाने एक ओळ सुचेना. 'मला' एवढं लिहून मी अर्धा तास बसले.

मुलगी कामावरून आली. बूट काढले, माझ्या खांद्यावरून वाकून स्क्रीन पाहिला. हसली नाही. खुर्ची ओढून शेजारी बसली.

"आई," ती म्हणाली, "मी लिहून देऊ?"

हो हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. "मेबी," मी म्हटलं.

ती उठली आणि माझ्यासाठी चहा ठेवायला गेली.