पापलेटाचा वास

उरणच्या बंदरावर हॉटेलांना मासळी पुरवणारा एक व्यापारी होता. बाबांच्या होडीतली मासळी आई पाटीतून त्याच्यापुढे नेई. एकदा त्यानं सगळ्यांदेखत एक पापलेट उचललं, नाकाला लावलं आणि परत पाटीत भिरकावलं. "बाय, वास मारतंय." मासळी तासाभरापूर्वीच होडीतून उतरली होती. पण त्या दिवसापासून आईच्या पाटीकडे कोणी फिरकेना. मी तेव्हा सातवीत होते. त्या माणसाला मी कधीच विसरले नाही.

पुढे प्रयोगशाळेत सेंद्रिय अर्धवाहकांवर काम मिळालं. कार्बनी पदार्थाचा थेंब गरगर फिरणाऱ्या काचेवर टाकायचा, की केसाहून कितीतरी पातळ थर बसतो. सडत्या मासळीतून निघणारा वायू त्या थराला लागला की त्यातून वाहणारी वीज घटते. असा थर दिलेली काचेची पट्टी आणि तिच्यातली वीज आकड्यात दाखवणारं हातात मावेल असं यंत्र मी बनवलं. हाच वायू का निवडलास, असं सरांनी विचारल्यावर मी अन्नसुरक्षेचं काहीतरी बोलले. खरं तर मला एका माणसाचं नाक कापायचं होतं.

पहिल्या खेपेला माझंच हसं झालं. निघताना घरच्या अंगणात पट्टीचा हवाबंद डबा उघडून मी यंत्राचा आकडा शंभरावर लावला. बंदरावर त्या व्यापाऱ्याच्या, शिळा माल दडवलेल्या, तळातल्या पेटीवर पट्टी धरली, तर आकडा हलेना. मशीनसुद्धा शेटच्याच बाजूचं, असं म्हणून लोक हसले. घरी येऊन बघते तर अंगणभर जवळा वाळत घातलेला. त्याच वायूनं पट्टी आधीच भरून गेली होती. परक्या माणसाला तो वास दारातच आला असता. मी त्यातच वाढलेली, मला आलाच नाही.

दुसऱ्या खेपेला नव्या पट्टीचा डबा थेट जेट्टीच्या टोकाला, समुद्राच्या वाऱ्यात उघडला आणि तिथेच आकडा शंभरावर लावला. आईच्या पाटीवर आकडा जागचा हलला नाही. त्याच्या पेटीवर निम्म्यावर आला. हॉटेलवाले वाकून बघू लागले. असली खेळणी घरी ठेवा, असं तो म्हणाला. इतकी वर्षं घोकलेलं मी बोलणार, तोच आई पुढे झाली. तिनं त्याच्या पेटीच्या तळातून एक पापलेट काढलं, नाकाला लावलं आणि परत भिरकावलं.

"शेट, वास मारतंय."

मला त्याची जराही दया आली नाही. आईलाही आली नसावी. तिनं आपली पाटी उचलून त्याच्या पायाशी ठेवली आणि म्हणाली, "आता ही हुंगा."

सगळे बघत होते. त्याला वाकावंच लागलं.